कॉर्स केंद्र म्हणजे न हलणारा दगड नव्हे

जमीन मोजणीला रोव्हर (उपग्रहांच्या मदतीने जागा टिपणारे, शेतात नेता येणारे यंत्र) आल्यापासून एक समज पसरला आहे: कॉर्स केंद्र (उपग्रहांचे संदेश सतत नोंदवणारे स्थिर संदर्भ केंद्र) हा जुन्या जीटीएस बेंचमार्कचा (ब्रिटिशकालीन सर्वेक्षणातल्या उंचीच्या खुणेचा) नवा अवतार, आणि त्याचे अक्षांश-रेखांश कायमचे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

बेंचमार्कचा दगड समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. कॉर्सवरचा अँटेना मात्र उपग्रहांचे संदेश चोवीस तास नोंदवतो. केंद्राची जागा आधीच नेमकी ठाऊक असल्याने त्या संदेशांतली चूक कळते आणि ती दुरुस्ती इंटरनेटवरून रोव्हरला मिळते. म्हणून शेतात काही सेंटिमीटरपर्यंत अचूकता येते.

आता हलण्याचे. भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, आणि त्यावरचे केंद्रही. जागतिक संदर्भचौकटीत, म्हणजे साऱ्या पृथ्वीसाठीच्या मापन पद्धतीत, त्याचे निर्देशांक (अक्षांश-रेखांश) दहा वर्षांत अर्ध्या मीटरने बदलतात! म्हणूनच निर्देशांकासोबत तो कोणत्या तारखेचा हे लिहिणे आवश्यक असते. शेजारचा बांधही सोबतच सरकतो, त्यामुळे आपसातले अंतर बिघडत नाही. गोंधळ होतो तो वेगवेगळ्या काळाचे आकडे एकत्र केले की.

उंचीचा घोळ तर याहून मोठा. उपग्रहांवरून उंची मिळते ती समुद्रसपाटीपासून नव्हे, पृथ्वीच्या गणिती आकारापासून. मुंबईच्या किनाऱ्यावर ती उणे साठ मीटरच्या पलीकडे जाते. जिऑइडची (सरासरी समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या पृष्ठभागाची) दुरुस्ती न करता कालव्याचा उतार आखू नका.

आणि हद्द? ती टिपण, फाळणी नकाशा या मोजणीच्या जुन्या सरकारी नोंदींवरून ठरते. कॉर्स फक्त बिंदू अचूक दाखवते.