एआर-१५ अडकते, हा समज आला कुठून?

अमेरिकेत एआर-१५ धाटणीची रायफल नव्याने घेणाऱ्याला कुणीतरी हमखास सांगतं, ‘ही ऐनवेळी अडकते.’ हा समज व्हिएतनाम युद्धातला. त्यात दोष रायफलच्या रचनेचा कमी, लष्करी निर्णयांचा जास्त होता. एम-१६, म्हणजे एआर-१५चंच लष्करी रूप, सैनिकांच्या हाती पडली तीच अनेकदा सफाईच्या साहित्याशिवाय. काडतुसातली दारू बदललेली, चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेला, क्रोमचा मुलामा नाही. दमट हवेत चेंबर गंजे आणि झाडलेल्या काडतुसाची पुंगळी आतच चिकटून बसे. माणसं त्यापायी जिवाला मुकली. १९६७ साली अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने हे चव्हाट्यावर आणलं. पुढे क्रोम आलं, साहित्य आलं, तक्रारी घटल्या.

आज या रायफलला मुख्यतः तेल लागतं. मूळ रचनेत गोळी झाडल्यावरचा वायू थेट बोल्ट कॅरिअरमध्ये, म्हणजे आतल्या मागेपुढे सरकणाऱ्या भागात, शिरतो, काजळी तिथेच साचते. थोडी काळी असली तरी चालेल, कोरडी नको.

सफाईआधी मात्र मॅगझिन काढा, मगच चार्जिंग हँडल ओढा आणि चेंबर डोळ्यांनी बघा. क्रम उलटला तर मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये जाते आणि तुम्ही रिकामी समजत असलेली रायफल भरलेली असते.