डीपी की टीपी? काकांच्या नोटिशीपासून भूज-कोबेपर्यंत

मागच्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी एका नोटिशीचा फोटो टाकला, तिरका काढलेला, कोपऱ्यात अंगठा, आणि खाली एकच ओळ, "आपलं शेत डीपीत गेलं". मग काय, तासाभरात कुणी वकिलाचा नंबर देतोय, कुणी म्हणतंय विकून टाका आत्ताच. मी फोटो झूम करून बघितला तर वरती चक्क लिहिलंय 'नगररचना योजना'. म्हणजे काका, ही डीपी नाही, टीपी आहे. एका अक्षराचा फरक वाटतो पण जमिनीचं काय होणार ते त्या अक्षरावरच ठरतं.

डीपी म्हणजे विकास आराखडा. अख्ख्या शहराचा पुढच्या २० वर्षांचा नकाशा, इथं रस्ता, इथं शाळा, इथं बाग, हा पट्टा रहिवासी, तो शेतीचा. हरकती-सूचना होतात, मंजुरी मिळते, पण जमिनीवर लगेच काहीच हलत नाही. तुमच्या गटावर आरक्षण पडलं तर सातबारा तुमच्याच नावावर राहतो, फक्त तिथं बांधता येत नाही, आणि मग वाट बघायची, पैसे किंवा टीडीआर (म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे जास्त बांधायचा हक्क) देऊन ताब्यात घेतील तेव्हा घेतील. १० वर्षांत घेतली नाही तर कायद्याने नोटीस देता येते, ती दिल्यावर तरी काय होतं ते आरक्षणवाल्यांना विचारा. शेजाऱ्याची जमीन मात्र त्याच कागदावरच्या रस्त्यामुळे तिप्पट भावाची होते. डीपीतली खरी खोच हीच, एकाचं सगळं जातं आणि बाजूच्याचं सगळं राहतं.

टीपीत बांधच हलतात. शंभर-दोनशे एकराचा तुकडा घ्यायचा, त्यातल्या सगळ्यांचे बांध कागदावर पुसायचे, रस्ते-ड्रेनेज-बाग आखायची आणि उरलेल्या जमिनीचे सरळ चौकोनी प्लॉट पाडून ज्याचे त्याला परत द्यायचे. मूळ भूखंड जातो, अंतिम भूखंड मिळतो, आकाराने लहान पण रस्त्याला लागून. भाव वाढतो त्यातला काही हिस्सा योजनेला भरायचा. सगळ्यांचं थोडं थोडं जातं, कुणाचं अख्खं जात नाही.

हा फरक सगळ्यात नीट कळला तो भूकंपानंतर गाव पुन्हा उभारताना, भुजात. २६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊ, ७.७ चा धक्का. जवळच्या अंजारला प्रजासत्ताक दिनाची मिरवणूक अरुंद गल्लीतून चालली होती, दोन्ही बाजूंची घरं कोसळली आणि १८५ मुलं नि २० शिक्षक गेले. रस्ता रुंद असता तर निदान पळायला मोकळी जागा मिळाली असती, हे वाचताना दर वेळी वाटतं. भुजच्या कोटाच्या आतही असंच, बोळातून बोळ, शेवटी भिंत. ढिगारा पडला की मदतीची गाडी आत जाणार कशी?

तिथं नवीन डीपी तर झालाच, पण नुसत्या डीपीने भागणार नव्हतं. नकाशावर रुंद रस्ता काढला तरी तो कुणाच्या तरी पडलेल्या घरावरूनच जाणार, आणि ज्याचं घर नुकतंच पडलंय त्याला तू पूर्णच ऊठ असं कोण सांगणार? म्हणून जुन्या गावात ८ टीपी स्कीम केल्या. अगदी लहान प्लॉटवाल्यांची जमीन कापायची नाही, मोठा प्लॉट तशी कपात जास्त, सगळ्यात मोठ्यांची ३५ टक्क्यांपर्यंत. भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीला आशियाई विकास बँक आणि जागतिक बँकेचं कर्ज होतं, पण टीपीचं हे हत्यार आपल्याकडे आधीपासूनच होतं. भाडेकरूंचे मात्र हाल झाले, कारण टीपी मालकाला ओळखते, ज्याच्याकडे जमिनीचा कागदच नाही त्याला अंतिम भूखंड कुठून मिळणार. टीपीचं कौतुक करताना हे सोईस्कर विसरलं जातं.

सहा वर्षं आधी हेच जपानच्या कोबे शहरात भूकंपानंतर झालं होतं. १७ जानेवारी १९९५, पहाटे, ६४३४ माणसं गेली. नागाता भागात लाकडी घरांच्या गल्ल्या आगीने खाक झाल्या, बंब आत शिरेनात. जपानमध्ये टीपीसारख्याच पद्धतीला कुकाकु सेईरी म्हणतात, १९२३ च्या भूकंपानंतरचं टोकियोही त्यांनी असंच आखलं होतं. पण कोबेत महापालिकेने दोन महिन्यांच्या आत, १७ मार्चला, आराखडा मंजूर करून टाकला, लोक अजून शाळांच्या जिमखान्यात गाद्या टाकून झोपत होते. लोक भडकले ते बरोबरच. मग तोडगा असा निघाला की मोठे रस्ते तेवढे पक्के, गल्लीबोळ आणि बागा कुठं ते वस्तीची समिती ठरवेल, कपातही उतरवून साधारण १० टक्क्यांच्या आसपास आणली. काही भागांत काम संपायला १० वर्षांहून जास्त लागली. नकाशा टेबलावर दोन महिन्यांत होतो पण टीपीला प्रत्येक घराशी बोलावं लागतं, फरक तिथंच कळतो.

गंमत म्हणजे आपली टीपी आणि जपानची कुकाकु सेईरी, दोन्हींचं माहेर तिसरीकडेच आहे. १९०२ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचा महापौर अडिकेस याच्या नावाने कायदा झाला, जमिनी एकत्र करून पुन्हा वाटायचा. तीच कल्पना १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात आली, तेव्हा अहमदाबाद, पुणे, मुंबई सगळं एकाच मुंबई इलाख्यात. वांद्र्याच्या पत्त्यात अजून 'टीपीएस' (टाउन प्लॅनिंग स्कीम) लिहितात ना, ते तेव्हाचं. १९५४ च्या कायद्याने डीपी आणला, १९६० ला राज्यं वेगळी झाली, गुजरातने टीपी रेटून धरली आणि आपण डीपीच्या मागे लागलो. आता पुण्याच्या कडेने पुन्हा टीपी सुरू झाल्यात तर लोकांना ती गुजरातची नवी भानगड वाटते. अहो, आपल्याकडचीच जुनी आहे. जपानने मात्र ही पद्धत शिकवायचा धंदाच केला, जायका या त्यांच्या सरकारी मदत संस्थेने परदेशी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, थायलंडने तर २००४ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाही केला. 'स्मार्ट', 'रेझिलिएंट' वगैरे शब्दांच्या परिषदा होतात त्यात मला हीच देवाणघेवाण सगळ्यात कामाची वाटते, कारण तिच्यातून खरंच एखादी गल्ली रुंद होते.

टीपी म्हणजे जादू नाही हेही सांगतो. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानच्या रिकुझेनताकाता गावात डोंगर फोडून ती माती नदीवरून कन्व्हेअर बेल्टने आणली, गावची जमीन १० मीटरच्या आसपास उंच केली, वर नवे प्लॉट आखले. तोवर इतकी वर्षं गेली की बरेच लोक दुसरीकडे स्थायिक झाले आणि प्लॉट रिकामेच पडले. आणि किल्लारी? १९९३ नंतर ५२ गावं नव्या जागी बसवली, ते डीपीही नव्हतं आणि टीपीही नव्हतं, जमीन संपादन करून गाव उचलून दुसरीकडे ठेवणं होतं. रस्ते रुंद झाले पण शेत लांब गेलं, जुना शेजार मोडला.

तर काकांना मी फोन केला आणि म्हणलं, नोटिशीबरोबर तक्ता असेल तो काढा, त्यात मूळ भूखंड आणि अंतिम भूखंड असे दोन रकाने बघा. ते चष्मा शोधून आले, वाचलं, मूळ ४० गुंठे, अंतिम २०. मग बराच वेळ गप्प, आणि मग विचारलं, "ते २० रस्त्याला लागून आहेत का रे?" म्हणलं नकाशा बघावा लागेल, पण हरकतीची मुदत कधी संपते ती तारीख आधी वाचा. तारखेवर नेमका अंगठा आला होता.