दुपटी वाळायची कुठे? कोकण किनाऱ्यावरच्या कापडी लंगोटाची पार्श्वभूमी

कापडी डायपर ‘परत आलं’ असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. बाळंतपणाला माहेरी आलेली मुंबई-पुण्याची लेक ते बॅगेतून आणते, ऑनलाइन मागवलेलं पार्सल देवगड-वेंगुर्ल्याच्या वाडीवर पोचतं, आणि सोबतच्या माहितीपत्रकात ‘आजीच्या काळातली पद्धत’ असे शब्द हमखास असतात. आजीच्या हातात ते दिलं तर ती उलटसुलट करून बघते, बटणं मोजते आणि विचारते, “ह्यां सुकतलां कधी?” पार्श्वभूमीचा निम्मा भाग या प्रश्नातच आला.

शब्दांचा थोडा घोळ आहे, तो आधी निस्तरतो. चौकोन तिरका दुमडून कमरेला बांधायचा तो लंगोट. अंगाखाली घालायचं किंवा अंगाभोवती गुंडाळायचं ते दुपटं. बाळोतं हा जुना शब्द या सगळ्याच फडक्यांना लागतो. विकतचं, वापरून टाकायचं ते ‘हगीज’, मग कंपनी कुठलीही असो. दुकानदारही हगीज मागितल्यावर हाताला लागेल ते पाकीट देतो. आणि ‘कापडी डायपर’ म्हणजे वर जलरोधक कापड, आत जाड घडी आणि बाजूला टिचबटणं असा नवा प्रकार. लंगोट आणि कापडी डायपर दोन्ही धुवून वापरायचे, एवढंच त्यांच्यात साम्य आहे.

फार जुन्या काळाबद्दल थोडक्यात. बाळाला पहिलं कापड जुनंच घालायचं, ही रीत मऊपणासाठीही होती आणि दृष्टीच्या भीतीपोटीही. सोयेराच्या दिवसांतल्या कपड्यांना घरातल्या इतरांनी हात लावायचा नाही. ते सुईण किंवा परीट धुवायचे आणि त्याचा मोबदला धान्यात, नारळात मिळायचा. या मेहनतीचा हिशेब कुठे लिहिलेला सापडत नाही. ‘आजीच्या काळी सगळं नैसर्गिक होतं’ म्हणताना सुरुवातीचे दहा दिवस हे काम भलत्याच कुणाच्या तरी हातांनी व्हायचं, हे सोयीने गळतं.

१८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव कोकणी माणसांनी भरलं. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला गावी येताना मांजरपाट, धोतरजोडी, लुगडी आणायचा. ती नेसून, धुऊन, विरून मऊ झाली की घरातल्या पुढच्या बाळंतपणाची सोय व्हायची. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. विरलेला भाग सोडून दिला तरी अडीच-अडीच वितींचे दीड-दोन डझन चौकोन निघतात. तान्हं मूल दिवसाला पंधरा-वीस वेळा ओलं करतं, तेव्हा दोन लुगडी आणि एक धोतर एवढी बेगमी लागायची. सेफ्टी पिनचं पेटंट अमेरिकेत १८४९ चं. पण खाऱ्या वाऱ्यात पिन आठवड्यात गंजते आणि गंजाचा डाग सहजी जात नाही, म्हणून किनाऱ्यावर नाडीची गाठच बरी मानली जायची.

आता ज्या काळाबद्दल नीट सांगता येईल, तो म्हणजे १९७० ते २०००. लंगोट विकतच्या डायपरने घालवला असं सगळे मानतात. माझ्या मते त्याच्या आधीच लंगोटाचा कच्चा माल संपत आला होता. टेरिलीन, नायलॉन, मग पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. न चुरगळणाऱ्या, झटपट वाळणाऱ्या, वर्षानुवर्षं न विरणाऱ्या. सूना-लेकी त्या नेसू लागल्या. लुगडं राहिलं फक्त आजीच्या अंगावर. पॉलिएस्टरची साडी फाडून लंगोट करता येत नाही, ती पाणीच शोषत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, कितीतरी कुटुंबं गावी परतली. मनीऑर्डरी आटल्या, तसा मुंबईहून येणारा सुती कापडाचा ओघही आटला. ऐंशीच्या दशकाअखेर आमच्याकडच्या बाळंतविड्यात लंगोटांसाठी बाजारातून मलमल विकत आणावी लागली, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांना ते चक्क उधळेपणाचं वाटलं होतं.

धुण्याची रीत मात्र पक्की होती. शी झाडून टाकायची, लंगोट आधी गार पाण्यात खळबळायचा. आधी गरम पाणी घातलं तर डाग धाग्यात बसतो, हे कुणालाही शिकवावं लागत नसे. मग राखेचं निवळ किंवा धुण्याचा सोडा, रिठ्याचं पाणी, नाहीतर बारच्या साबणाची वडी. विहिरीजवळच्या डोणीतलं पाणी, शेजारी धुण्याची धोंड, आणि शेवटी एकदा कढत पाणी. सनलाइटच्या वड्या कोलकात्याच्या बंदरात १८८८ मध्ये उतरल्या होत्या. पण भुकटीचं युग १९५९ च्या सर्फने आणि खरं तर १९६९ च्या निरमाने आणलं. भुकटीने हात लवकर मोकळे झाले हे खरं, पण फेस काढायला पाणी दुप्पट लागू लागलं. साबण राहिलेला लंगोट म्हणजे बाळाच्या मांड्या लालभडक.

आणि पाणी तर इथलं जुनंच दुखणं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जांभ्यातून झिरपून तो समुद्राला मिळतो, आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीच्या तळाशी कळशी बुडत नाही. खाडीकाठच्या गावांत तर पाणी मचूळ होतं. त्यात साबणाला फेस येत नाही, कापड कडक होतं. अशा घरांत प्यायचं पाणी लांबून आणायचं आणि त्यातलंच तांब्या-दोन तांब्ये लंगोटाच्या शेवटच्या पाण्यासाठी राखायचं, असा हिशेब चालायचा.

त्यात समजुती. बाळाचे कपडे पिळायचे नाहीत. “पिळू नको गे, पोराक पीळ येतलो.” तिन्हीसांजेनंतर दुपटी बाहेर ठेवायची नाहीत, वारा लागतो, नजर लागते. दुसऱ्या समजुतीने कपडे दव पडण्याआधी घरात येत, म्हणजे ती कामाचीच. पहिली मात्र पावसाळ्यात महागात पडायची, कारण न पिळलेलं कापड तासभर नुसतं ठिबकतच राहतं.

जून ते सप्टेंबर हा खरा कसोटीचा काळ. मृग लागला की अंगणातल्या दोऱ्या सुटायच्या आणि वलण चुलीवर चढायची. स्वयंपाकघरात उंचावर बांबू आडवा टांगलेला असायचा, त्यावर लंगोटांची रांग. न्हाणीघरातल्या चुलाणाभोवती दुसरी. घाईच असली तर निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूचं टोपलं पालथं घालून त्यावर दुपटी पसरायची. बाळाला ओव्या-वेखंडाची धुरी देताना कपड्यांनाही तीच लागायची. कोकणातल्या पावसाळी बाळांना धुराचा वास येतो, तो यामुळे. झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. उघडीप पडली रे पडली की आधी लंगोट अंगणात, मग भात कांडायचं वगैरे. साध्या चौकोनाचं बळ इथे दिसतं. बांधताना तो चार-सहा पदरी होतो, वाळत घालताना एकपदरी. ज्या कुणी ही घडी शोधली, त्याने किंवा बहुधा तिने कोकणचा पाऊस पाहिलेला असावा.

घरात गॅस आला तशी ही वाळवणाची जागाही गेली, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. २०१६ नंतर गॅसजोडण्या वाढल्या, धूर कमी झाला, डोळे वाचले, ते चांगलंच झालं. पण चुलीवरचा बांबू उतरला. बंबाची चूल अजून बऱ्याच घरी पेटते म्हणून थोडंफार निभतं. ओलसर राहिलेल्या फडक्यात बुरशी धरते आणि जांघेत पुरळ उठतं. डॉक्टर मग लंगोटच बंद करा म्हणून सांगतात.

वापरून टाकायचं डायपर अमेरिकेत १९६१ च्या सुमारास बाजारात आलं, पाणी शोषून जेलीसारखी फुगणारी भुकटी त्यात ऐंशीच्या दशकात रुळली, आणि आपल्या शहरांत ते नव्वदीत दिसू लागलं. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. पण डायपर आधी आलं ते रातराणी एसटीतून, मुंबईच्या सुनेच्या पिशवीतून, ‘फक्त प्रवासापुरतं’. मग ‘फक्त रात्री’. मग ‘फक्त पावसात’, आणि कोकणात पावसात म्हणजे चार महिने. एक-दोन नगांची पाकिटं किराणा दुकानाच्या माळेत लटकू लागल्यावर ते रोजचं झालं. काजूच्या कारखान्यात किंवा आंब्याच्या कॅनिंगला रोजावर जाणाऱ्या बाईला दोन तासांचं धुणं परवडत नाही. तिला नावं ठेवणाऱ्यांनी आधी एक जुलै तिच्या घरी काढावा.

इथून पुढे प्रश्न धुण्याचा न राहता टाकण्याचा झाला, आणि त्यात २०१६ च्या एका निर्णयावर थांबायलाच हवं. त्या वर्षी पंधरवड्याच्या आत केंद्राचे दोन नियम आले: २८ मार्चला जैववैद्यकीय कचऱ्याचे आणि ८ एप्रिलला घनकचऱ्याचे. पहिल्यानुसार रुग्णालयात रक्त किंवा शरीरद्रव लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो आणि जाळून नष्ट होतो. दुसऱ्याने घरातलं वापरलेलं डायपर ‘सॅनिटरी कचरा’ ठरवलं, पण ते नीट गुंडाळून टाकायचं कुठे, तर सुक्या कचऱ्याच्या डब्यात. मूत आणि शी भरलेली, पाव-अर्धा किलोची ओली वस्तू, आणि डबा सुक्याचा! बाजू मांडणाऱ्यांचं म्हणणं असं, की ओल्या डब्यात टाकली तर खत नासेल, आणि तिसरा डबा लोक ठेवणार नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण सुका कचरा हाताने निवडला जातो, आणि निवडणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. परटाच्या, सुईणीच्या हातून सुटलेलं काम फिरून अशाच कुणाच्या तरी हातात आलं, तेही मोबदल्याशिवाय. पुण्यात अशा पुड्यांवर लाल ठिपका काढायची मोहीम निघाली, ती याच त्रासातून.

त्याच नियमांनी उत्पादकांवरही काम टाकलं: प्रत्येक डायपरसोबत विल्हेवाटीची पिशवी द्या, किंवा पुनर्प्रक्रिया करता येईल असा माल वापरता येतो का ते बघा. ‘बघा’ हे क्रियापद बघणाऱ्याला फारसं बांधत नाही. २३ मार्च २०१८ ची राज्याची प्लास्टिकबंदी पिशव्या, ताटं-पेले यांवर होती; १ जुलै २०२२ ची केंद्राची बंदी काड्या-चमच्यांवर. डायपर, ज्याचं वरचं आणि खालचं बहुतेक सगळं प्लास्टिकच असतं, दोन्हींतून सुटलं.

कोकणासाठी आणखी एक मेख होती. २०१६ चे घनकचऱ्याचे नियम नगरपालिका, जनगणनेत शहर ठरलेली गावं, औद्योगिक वसाहती, बंदरं अशांना लागू होते. किनाऱ्यावरची बहुसंख्य वस्ती साध्या ग्रामपंचायतींत आहे. तिथे डबाच नव्हता, मग सुक्याचा की ओल्याचा हा वाद कुठला? डायपर जाळलं तर ओलं म्हणून जळत नाही. पुरलं तर पावसात फुगून वर येतं, कुत्री ओढून नेतात. उरतं ते खाडीकाठचं खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खारी जमीन, आणि सुरूचं बन. ओहोटीला खाजणात पांढरे फुगीर गोळे दिसतात, ते हेच. मालवण-गुहागरला येणारा पर्यटकही हॉटेलच्या खोलीत तेच सोडून जातो, पण गावच्या बैठकीत दोष देताना नाव नेहमी गावच्या सुनेचं येतं.

२०२६ च्या नव्या नियमांनी, जे १ एप्रिलपासून अमलात यायचे होते, ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग केले. म्हणजे दहा वर्षांनी डायपर सुक्यातून बाहेर पडलं. त्याआधी २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला होता. एका हाताने स्वस्त करायचं आणि दुसऱ्या हाताने वेगळा डबा मागायचा, असं हे धोरण.

नव्या कापडी डायपरच्या बाजूने जे दाखले दिले जातात ते बहुतेक परदेशी. ब्रिटनमधल्या २००८ च्या एका सरकारी अभ्यासात अडीच वर्षांचा कार्बनचा हिशेब कापडासाठी ५७० किलो आणि वापरून टाकायच्यासाठी ५५० किलो निघाला होता, म्हणजे जवळपास बरोबरी. पण तो हिशेब वॉशिंग मशीन, गरम पाणी आणि ड्रायरचा होता. मशीन जास्त भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि दुसऱ्या मुलाला तेच वापरलं तर कापडाचा आकडा चाळीस टक्क्यांनी घटतो, हेही त्याच अहवालात होतं. ते वाक्य दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने वाचतात. धोंडीवर हाताने धुणाऱ्या बाईचा त्यात विचारच नाही.

हाताने धुताना नवा प्रकार जड जातो. बाहेरच्या जलरोधक कापडाला कढत पाणी चालत नाही, थर सुटतो. आतली घडी शिवूनच जाड केलेली, ती उलगडत नाही. उन्हाळ्यात दुपारभरात वाळते, श्रावणात दोन-दोन दिवस दमट. एकेक नग महाग, आणि पावसाळ्यात निभायचं तर डझन-दीड डझन हवेत. म्हणून घराघरांत मिश्र कारभार दिसतो. पहिले दोन महिने साधा लंगोट, रात्री आणि प्रवासात हगीज, ऊन असेल तेव्हा कापडी डायपर.

तो साधा लंगोट आता दवाखान्याबाहेरच्या दुकानात सहा नगांच्या पाकिटात मिळतो. मलमलीचा, कडा शिवलेला, नाडीसकट. ट्रंकेत आजीचं एखादं सुती लुगडं उरलेलं असेल, तर ते आता लंगोटांसाठी फाडायला कुणी तयार नसतं. त्याची गोधडी शिवून घेतात.