जननक्षमता-संरक्षण (कर्करुग्णांतील)

कर्करोगावरील उपचारांनी अपत्यप्राप्तीची क्षमता नष्ट होण्याचा संभव असलेल्या तरुण व बालरुग्णांच्या जननकोशिका, भ्रूण किंवा जननग्रंथींचे ऊतक उपचारापूर्वी काढून अतिशीत स्थितीत राखून ठेवण्याची वैद्यकीय सेवा. व्यवहारात ‘स्पर्म बँकिंग’, ‘एग फ्रीझिंग’ हेच शब्द चालतात. या क्षेत्राला ‘ऑन्कोफर्टिलिटी’ हे नाव टेरेसा वुडरफ या अमेरिकन संशोधिकेने २००६ च्या सुमारास दिले. पद्धती मात्र बऱ्याच जुन्या आहेत.

सायक्लोफॉस्फामाइडसारखी अल्किलीकारक (कोशिकेतील डीएनएला इजा करणारी) कर्करोगविरोधी औषधे जननग्रंथींना विशेष घातक ठरतात. अंडाशयातील आद्य पुटकांचा (अपक्व अंडकोशिका असलेल्या सूक्ष्म पिशव्यांचा) साठा जन्मापूर्वीच तयार होतो व पुढे त्यात भर पडत नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यामुळे झालेली हानी भरून येत नाही. मानवी अंडकोशिकांपैकी निम्म्या नष्ट होण्यास २ ग्रेहून कमी प्रारणमात्रा पुरते, असा अंदाज आहे. वृषणातील मूलकोशिका वाचल्या, तर शुक्राणुनिर्मिती काही काळाने परतू शकते.

वीर्य बर्फात गार केल्यास शुक्राणू निश्चल होतात व ऊब मिळताच पुन्हा हालू लागतात, हे इटालियन शास्त्रज्ञ स्पालान्त्सानी यांनी १७७६ च्या सुमारास नोंदविल्याचे सांगतात. खरी प्रगती १९४९ मध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी गोठविताना शुक्राणू वाचविण्याचा ग्लिसरॉलचा संरक्षक गुण दाखविल्यावर झाली. १९५३ मध्ये बंज व शेरमन यांनी गोठविलेल्या मानवी शुक्राणूंपासून गर्भधारणा झाल्याचे प्रसिद्ध केले. गोठविलेल्या भ्रूणापासून झालेल्या पहिल्या मानवी गर्भधारणेचा मान सामान्यतः मेलबर्नच्या ट्राउन्सन व मोर यांना (१९८३) दिला जातो. तथापि कोलकात्याचे सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेली मुलगी ५३ दिवस गोठविलेल्या भ्रूणापासून झाली, असा त्यांचा दावा होता. राज्य शासनाच्या समितीने तो फेटाळला आणि १९८१ मध्ये मुखोपाध्याय यांनी आयुष्य संपविले. पुढे टी. सी. आनंदकुमार यांनी त्यांची टिपणे तपासून १९९७ मध्ये अग्रमान त्यांनाच दिला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील १९८६ च्या परीक्षानलिका-बालिकेच्या श्रेयात आनंदकुमार स्वतः इंदिरा हिंदुजा यांच्यासह वाटेकरी होते. त्यामुळे स्वतःचा मान कमी करणारी ही साक्ष अधिक वजनदार मानावी लागते. प्रक्रियेचा पूर्ण तपशील त्या काळी प्रसिद्ध झाला नव्हता, म्हणून बहुतेक पाश्चात्त्य ग्रंथ अजूनही मेलबर्नपासूनच सुरुवात करतात.

अंडकोशिका किंवा भ्रूण गोठवायचे, तर संप्रेरकांची इंजेक्शने देऊन अंडकोशिका पक्व कराव्या लागतात. मासिक चक्राच्या कोणत्याही दिवशी सुरुवात करता येत असल्याने त्यास साधारणतः दोन आठवडे पुरतात. स्तनाच्या कर्करोगात ईस्ट्रोजेनची पातळी वाढू नये म्हणून सोबत लेट्रोझोल देतात. जिथे दोन आठवडेही थांबता येत नाही किंवा मुलगी अजून वयात आलेली नाही, तिथे अंडाशयाच्या बाह्यकाचे (बाहेरच्या थराचे) ऊतक काढून घेणे एवढाच मार्ग उरतो. आद्य पुटके याच पातळ थरात असतात. थराच्या पट्ट्या संरक्षक द्रवात भिजवून सावकाश थंड करतात आणि −१९६° से. तापमानाच्या द्रव नायट्रोजनात ठेवतात. कर्करोगाचे उपचार संपल्यावर या पट्ट्यांचे शरीरात पुन्हा रोपण करतात; त्यानंतर संप्रेरके पूर्ववत होण्यास चार-पाच महिने लागतात. रक्ताच्या कर्करोगात पट्टीबरोबर रोगकोशिकाही परत शरीरात जाण्याची भीती असते.

या पद्धतीने झालेला पहिला जन्म कोणता, यावर मतभेद आहेत. ब्रसेल्स येथे झाक दोनेझ यांच्या गटाने हॉजकिन लसीकार्बुदाच्या (लिम्फोमाच्या) एका रुग्णेचे ऊतक १९९७ मध्ये गोठविले व २००३ मध्ये रोपले. सप्टेंबर २००४ मध्ये तिला मुलगी झाली. रुग्णेची मूळ अंडाशये शरीरातच होती आणि अशी अंडाशये क्वचित पुन्हा कार्य करू लागतात. तेव्हा अंडकोशिका रोपातलीच कशावरून, असा आक्षेप घेण्यात आला. २००५ मधील इझ्राएलच्या वृत्तात अंडकोशिका रोपण केलेल्या अंडाशयातून काढून फलित केली होती, त्यामुळे पुरावा अधिक सबळ झाला, निर्णायक नव्हे. निःसंदिग्ध उत्तर मेलबर्नच्या २०१३ मधील वृत्तात मिळते. तेथील रुग्णेची दोन्ही अंडाशये काढलेली होती व रोप उदरभित्तीत बसविले होते. अंडकोशिकेचा अन्य उगम संभवतच नाही. म्हणून पद्धत सिद्ध झाली ती मेलबर्नला, असे म्हणणे योग्य ठरेल; ब्रसेल्सचे प्राधान्य त्यामुळे बाधित होत नाही. ब्रसेल्सलाच रजोदर्शनापूर्वी काढलेल्या ऊतकापासून झालेल्या जन्माची नोंद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती रुग्णा कर्करोगाची नव्हे, दात्रकोशिका पांडुरोगाची (सिकल सेल अ‍ॅनिमियाची) होती. अमेरिकन प्रजननवैद्यक संस्थेने अंडकोशिका गोठविण्यावरील ‘प्रायोगिक’ हा शिक्का २०१२ मध्ये आणि अंडाशय-ऊतकावरील २०१९ मध्ये काढला.

वयात न आलेल्या मुलांचे वृषण-ऊतक गोठवितात, पण ते अद्याप प्रायोगिकच मानले जाते.

भारतात सहायक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ नुसार भ्रूण दहा वर्षांपेक्षा अधिक काळ साठविता येत नाही आणि या तंत्रज्ञानाची सेवा घेण्यास स्त्रीचे वय किमान २१ असावे लागते. आठव्या वर्षी ऊतक काढून ठेवलेल्या मुलीला त्यातून अशी सेवा घ्यायची, तर साठा निदान तेरा वर्षे सांभाळावा लागेल.