घाई नेमकी कुठे करायची?

कारखान्यातलं एक मोठं यंत्र दुरुस्तीसाठी बंद ठेवलंय असं समजा. ते उघडायला 2 दिवस. मग एक टोळी झिजलेले भाग दुरुस्त करते, 6 दिवस. दुसरी त्याच वेळी नळ्या साफ करते, 4 दिवस. दोन्ही उरकल्यावर जोडणी आणि चाचणी, 3 दिवस. बेरीज 15, पण काम संपतं 11 दिवसांत.

आता साहेबांचा हुकूम: लवकर उरका, सगळ्यांना ओव्हरटाइम! नळ्यांवाल्यांनी घाम गाळून 2 दिवसांत काम संपवलं तरी यंत्र 11 दिवसांआधी सुरू होत नाही. कारण उघडणं, दुरुस्ती, जोडणी ही सर्वांत लांब साखळी आहे. हाच क्रिटिकल पाथ. (नावावरून ही कामं सर्वांत अवघड वाटतात. तसं काही नसतं, त्यांना फक्त सवड नसते.)

ही सवड, म्हणजे फ्लोट, काढायची कशी? सुरुवातीपासून बेरीज करत गेलं की काम लवकरात लवकर केव्हा सुरू होईल ते कळतं. शेवटाकडून वजा करत आलं की उशिरात उशिरा केव्हा चालेल ते. नळ्यांचं काम 2 दिवसांनंतर सुरू होऊ शकतं, आणि 11 वजा 3 वजा 4, म्हणजे 4 दिवसांनंतर घेतलं तरी चालतं. सवड 2 दिवसांची. जिथे हा फरक शून्य, तिथे घाई करायची.

ड्यूपाँट या रसायन कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीचे जेम्स केली यांनी 1957 मध्ये हे गणित युनिव्हॅक संगणकावर बसवलं.

खरी गंमत पुढे आहे. भागांची दुरुस्ती 6 वरून 3 दिवसांवर आणली, तर एकूण 8 दिवस व्हायला हवेत ना? होतात 9. आता नळ्यांनी अडवलंय! तिसऱ्या दिवसाच्या बचतीचा ओव्हरटाइम पाण्यात.

मग शहाणपणाने दुरुस्ती 4 दिवसांवरच थांबवली, तर दोन्ही साखळ्या बरोबरीत येतात आणि सवड कुणालाच उरत नाही. प्रत्येक टोळी वेळेत उरकण्याची शक्यता 50 टक्के धरली आणि एकीचा दुसरीशी संबंध नसला, तर दोन्ही वेळेत उरकण्याची शक्यता फक्त 25 टक्के. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रांसाठी 1958 मध्ये आलेली पर्ट पद्धत प्रत्येक कामाला आशावादी, सर्वाधिक संभाव्य आणि निराशावादी असे तीन अंदाज लावते खरी, पण हिशेब एकाच लांब साखळीचा करते. त्यामुळे तिच्या तारखा बहुधा जरा जास्तच गुलाबी निघतात.