पार्श्वभूमी : कोच नवा, पण संघ कोणाचा?

फुटबॉल संघ हरू लागला की गोव्यात पहिली चर्चा कोचला घालवण्याची होते. नवा आला की त्याला किती वेळ द्यायचा, यावर वाद. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) खेळणाऱ्या एफसी गोवा या क्लबचा इतिहास पाहिला तर नुसत्या वेळेपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची ठरलेली दिसते: कोच हंगामाआधी आला की मध्येच, आणि मैदानावरचे खेळाडू त्याच्या पसंतीचे होते की आधीच्याचे.

एफसी गोवाच्या आधीची गोव्याची रीत वेगळी होती. धेंपो या जुन्या गोवेकर क्लबात आर्मांदो कुलासो कोच म्हणून दशकभराहून अधिक काळ टिकले आणि 2005 ते 2012 या काळात त्यांनी पाच राष्ट्रीय विजेतेपदं आणली. समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स हे वर्षानुवर्षं एकत्र खेळले. 2014 मध्ये आयएसएल आली ती दोन-तीन महिन्यांची स्पर्धा म्हणून. तिथे संघ दरवर्षी नव्याने जुळवायचा.

ब्राझीलचा माजी खेळाडू झिको कोच असताना एफसी गोवाने 2015 मध्ये अंतिम फेरी गाठली आणि फातोर्ड्यात, घरच्या प्रेक्षकांसमोर, चेन्नईयिनकडून 2-3 अशी हार खाल्ली. पुढच्याच वर्षी तोच झिको, आणि संघ तळाला. नाव कितीही मोठं असलं तरी संघाची बांधणी फसली की कोच एकटा काय करणार!

2017 मध्ये सर्जिओ लोबेरा कोच म्हणून आले ते संघ निवडायची मोकळीक घेऊन. कोरो, लान्झारोते, एदू बेदिया हे परदेशी खेळाडू त्यांच्या खेळाला साजेसे निवडले गेले. मंदार राव देसाई, ब्रँडन फर्नांडिस असे गोवेकर सोबत होते. पहिल्याच हंगामात कोरोने 18 गोल केले. जानेवारी 2020 मध्ये संघ आघाडीवर असतानाच लोबेरांना निरोप मिळाला, तरी क्लिफर्ड मिरांडांच्या हाताखाली साखळी फेरीत अव्वल येणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड गोव्यातच आली. घडी बसलेली होती, म्हणून ते जमलं.

डिसेंबर 2021 मध्ये हुआन फेरांदो हंगाम अर्ध्यावर टाकून मोहन बागानला गेले, तेव्हा अशी घडी नव्हती. डेरिक परेरांनी धुरा सांभाळली, पण संघ अकरांत नववा आला. त्यात त्यांना दोष देणं मला तरी पटत नाही. पुढे कार्लोस पेन्यांच्या वर्षी सातवा क्रमांक.

2023 मध्ये मानोलो मार्केझ हंगामाआधी आले. संदेश झिंगन, उदांता, ओदेई ओनाइंदिया हेही त्याच उन्हाळ्यात आले. संघ 45 गुणांसह तिसरा. मग एप्रिल 2024 मधली ती मुंबई सिटीविरुद्धची उपांत्य लढत: फातोर्ड्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत 2-0 आघाडी, आणि पुढच्या सहा-सात मिनिटांत तीन गोल खाऊन 2-3. स्टँडमध्ये लोक डोक्याला हात लावून बसले. दुसऱ्या एखाद्या क्लबने त्या रात्रीच कोचचा हिशेब केला असता. मार्केझ राहिले. पुढच्या हंगामात संघ 48 गुणांसह दुसरा आला आणि मे 2025 मध्ये जमशेदपूरला 3-0 हरवून सुपर कप जिंकला.

त्यामुळे आशियाई पात्रता फेरीचं दार उघडलं. ओमानच्या अल सीबला हरवून गोवा एएफसी चॅम्पियन्स लीग टूमध्ये पोचला आणि ऑक्टोबरमध्ये रोनाल्डोचा सौदी क्लब अल नस्र फातोर्ड्यात उतरला. रोनाल्डो आलाच नाही, त्याची हळहळ आठवडाभर पुरली. सामना 1-2 असा गेला. गोव्याचा गोल ब्रायसन फर्नांडिसचा, गोव्यातच घडलेल्या पोराचा.