पाच वर्षांसाठी निघालेली यानं

दूरच्या ग्रहांकडे गेलेल्या नासाच्या व्हॉयेजर-१ आणि व्हॉयेजर-२ या यानांची बातमी हल्ली दोनपैकी एका प्रकारची असते: काहीतरी बंद पडलं, नाहीतर बंद पडलेलं पुन्हा चालू झालं. ही दोन्ही यानं १९७७ साली निघाली तेव्हा त्यांच्याकडून अपेक्षा होती पाच वर्षांची. इतकी वर्षं ती टिकली कशी, याचं उत्तर लोक सहज देऊन टाकतात, की तेव्हाच्या वस्तूच दणकट असायच्या. मला ते अर्धंच खरं वाटतं. व्हॉयेजरमधले भाग निकामी व्हायला पहिल्या वर्षभरातच सुरुवात झाली होती. कोणता भाग टिकेल आणि कोणता दगा देईल हे बांधणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी महत्त्वाच्या जवळपास प्रत्येक वस्तूला एक जोडीदार देऊन ठेवला. पुढची सगळी कहाणी त्या जोडीदारांची, आणि त्यांना वेळेवर हाक मारणाऱ्या माणसांची आहे.

गोष्ट सुरू होते १९६५ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये, गॅरी फ्लँड्रो हा तरुण ग्रहांच्या कक्षांची आकडेमोड करत होता. त्याच्या लक्षात आलं की सत्तरच्या दशकाच्या शेवटी गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून असे रांगेत येतील, की एका ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणाचा रेटा घेत यान पुढच्या ग्रहाकडे जाऊ शकेल. असा योग सुमारे १७६ वर्षांनी एकदा येतो. नासाने त्यासाठी ‘ग्रँड टूर’ नावाची भव्य मोहीम आखली, पण खर्च डोईजड झाला आणि ती बारगळली. १९७२ मध्ये मंजुरी मिळाली ती फक्त गुरू आणि शनीपुरती.

कागदावर दोन ग्रह होते, अभियंत्यांच्या मनात मात्र चारही होते. व्हॉयेजर-२ची वाट त्यांनी अशी निवडली की पहिल्या यानाने शनीजवळचं काम फत्ते केलं, तर दुसऱ्याला युरेनस आणि नेपच्यूनकडे वळवता यावं. १९७३ च्या डिसेंबरात पायोनियर-१० हे आधीचं यान गुरूजवळून गेलं आणि तिथला किरणोत्सर्ग किती भयंकर आहे ते कळलं. मग नाजूक इलेक्ट्रॉनिक भागांना जादा संरक्षण द्यावं लागलं. काही केबलींभोवती तर चक्क स्वयंपाकघरात वापरतात तसली ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळली गेली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दोन्ही यानांच्या अंगावर सोनेरी मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यावर ५५ भाषांतले निरोप आहेत आणि त्यात मराठीतला ‘नमस्कार’ही आहे. गोव्यातल्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी त्याच तबकडीवर आहे. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ रोजी, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. अकरा दिवसांचं अंतर.

पहिला मोठा घाव पडला एप्रिल १९७८ मध्ये, गुरूसुद्धा अजून वर्षभर लांब असताना. आठवडाभर पृथ्वीवरून एकही आज्ञा आली नाही तर ‘आपला रिसीव्हर, म्हणजे आज्ञा ऐकणारा रेडिओ, बिघडला’ असं समजून दुसऱ्या रिसीव्हरवर जायचं, अशी व्यवस्था यानात केलेली होती. कामाच्या गडबडीत जमिनीवरच्या लोकांकडून व्हॉयेजर-२ला वेळेत आज्ञा पाठवायची राहून गेली. यानाने ठरल्याप्रमाणे रिसीव्हर बदलला. तेव्हा उघड झालं की जोडीदार रिसीव्हरमधला एक कपॅसिटर मेलेला आहे. काही वेळाने यान आपणहून मूळ रिसीव्हरवर परतलं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि अर्ध्या तासात मूळ रिसीव्हर कायमचा गेला. यान आपणहून पुन्हा जोडीदाराकडे वळेपर्यंत आठवडाभर थांबण्यावाचून इलाज नव्हता, आणि पुढे त्या अधू जोडीदारावरच भागवायचं होतं.

त्या कपॅसिटरचं काम नीट समजून घेण्यासारखं आहे. स्टेशनातून धडधडत जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना आणि लांब जाताना वेगळी ऐकू येते, तसंच पृथ्वी फिरत असल्यामुळे आणि यान धावत असल्यामुळे रेडिओ लहरींची कंप्रता सतत सरकत असते. धडधाकट रिसीव्हर या सरकत्या कंप्रतेचा माग काढतो. व्हॉयेजर-२च्या रिसीव्हरला ते जमत नाही. तो एका अरुंद फटीतूनच ऐकतो, आणि यानातलं तापमान किंचित बदललं तरी ती फटही जागा सोडते. मग दर वेळी पृथ्वीची गती, यानाची गती आणि रिसीव्हरचं तापमान यांचा हिशेब मांडून, आज्ञा नेमकी त्या फटीत जाईल अशा बेताने पाठवायची, असा रिवाज पडला. १९८६ मधली युरेनसची भेट आणि १९८९ मधली नेपच्यूनची भेट, या दोन्ही अशा अधू कानावर पार पडल्या. त्या दोन ग्रहांजवळ आजवर दुसरं कुठलंही यान गेलेलं नाही. पाठ्यपुस्तकांत त्यांची जवळून घेतलेली जी छायाचित्रं आपण पाहतो, ती या यानाची.

शनीपाशी १९८१ मध्ये कॅमेरे फिरवणारा मंच अडकला. वंगण आपल्या जागेवरून सरकलं होतं. पृथ्वीवर तशाच यंत्रणेवर प्रयोग करून हळूहळू फिरवायची पद्धत बसवली गेली. युरेनसच्या आधी जोडीदार संगणकाला चित्रं आटोपशीर करून पाठवायला शिकवलं, नेपच्यूनसाठी जमिनीवरच्या ६४ मीटरच्या अँटेना ७० मीटरच्या केल्या. निघताना जे यान होतं, त्याहून नेपच्यूनला पोचलेलं यान जास्त हुशार होतं.

व्हॉयेजरचं हे उदाहरण एकटं नाही. मंगळावरची स्पिरिट गाडी ९० दिवसांसाठी गेली होती आणि सहा वर्षं राबली. २००६ मध्ये तिचं पुढचं उजवं चाक बंद पडलं, तेव्हा चालकांनी तिला उलटी चालवायला घेतली. लुळं चाक माती खरवडत मागून फरपटत यायचं. त्याच चरात २००७ मध्ये जवळजवळ शुद्ध सिलिका सापडली. प्राचीन मंगळावर तिथे गरम पाणी किंवा वाफ असल्याची ती मोठी खूण ठरली. केपलर या अवकाशातल्या दुर्बिणीची दिशा स्थिर धरणारी चारपैकी दोन तोलचाकं गेली, तर तिला अशा कोनात धरली की सूर्यप्रकाशाचा दाबच तिसऱ्या चाकाचं काम करेल, आणि तिने ग्रह शोधणं चालू ठेवलं. आपल्या मंगळयानाची मुदत होती सहा महिन्यांची. २४ सप्टेंबर २०१४ ला ते कक्षेत शिरलं आणि सुमारे आठ वर्षं तिथे राहिलं. त्याची बॅटरी सुमारे पावणेदोन तासांच्या ग्रहणाच्या हिशेबाने बनवलेली होती. एप्रिल २०२२ मध्ये साडेसात तासांचं ग्रहण लागलं आणि मग ते बोललं नाही. सहा महिन्यांच्या कामाला निघालेल्या आपल्या पहिल्याच ग्रहयानाने इतकी साथ द्यावी, याचं मला फार अप्रूप आहे.

व्हॉयेजरची खरी म्हातारपणाची दुखणी कॅमेरे बंद झाल्यानंतर, म्हणजे १९९० नंतर सुरू झाली. वीज प्लुटोनियमच्या उष्णतेतून येते. निघताना ती सुमारे ४७० वॅट होती आणि दर वर्षी साधारण ४ वॅटने घटते. म्हणून आधी हीटर बंद केले गेले. व्हॉयेजर-२वरचं वैश्विक किरण मोजणारं उपकरण उणे ४५ अंशांपर्यंतच तपासलेलं होतं. २०१९ मध्ये हीटर काढून घेतल्यावर ते उणे ५९ अंशांतही मोजमाप पाठवत राहिलं.

१४ नोव्हेंबर २०२३ पासून व्हॉयेजर-१कडून अर्थहीन शून्य-एकांचा एकच आकृतिबंध पुन:पुन्हा येऊ लागला. बिघाड यानातल्या संगणकात होता. तो दुरुस्त करायचा, तर आधी तो सत्तरच्या दशकातल्या कागदपत्रांतून समजून घ्यायला हवा. मार्च २०२४ मध्ये एका खास आज्ञेला उत्तर म्हणून संगणकाच्या स्मृतीची संपूर्ण नक्कल आली आणि गुन्हेगार सापडला: एक चिप, तिच्याबरोबर गेलेली सुमारे ३ टक्के स्मृती. तिथला प्रोग्रॅम दुसरीकडे हलवायचा, पण एवढी सलग मोकळी जागा कुठेच नव्हती. मग त्याचे तुकडे करून मिळेल त्या कोपऱ्यात बसवले आणि एका तुकड्याला दुसऱ्याचा पत्ता पुन्हा लिहून दिला. १८ एप्रिलला आज्ञा गेली. जायला साडेबावीस तास, यायला साडेबावीस तास. २० तारखेला जेपीएलमध्ये टेबलाभोवती जमलेल्या माणसांना पाच महिन्यांनी यानाची खुशाली पुन्हा वाचता आली. त्या क्षणाचं छायाचित्र आहे. त्यातल्या माणसांचे उंचावलेले हात पाहून माझे डोळे भरून आले होते.

यापुढची अडचण इंधनाच्या नळ्यांची. टाकीतला रबरी पडदा झिजत चालला आहे आणि त्यातून सुटलेली सिलिकाची भुकटी केसाएवढ्या बारीक नळ्यांत साचते आहे. व्हॉयेजर-१ला स्वतःभोवती वळवणारे मूळ थ्रस्टर, म्हणजे छोटी इंजिनं, २००४ पासून मेलेले समजले जात, कारण त्यांचे दोन छोटे हीटर गेले होते. आता जोडीदार थ्रस्टरही तुंबू लागले. कुणीतरी जुना प्रश्न पुन्हा विचारला: हीटर खरोखर जळाले, की त्यांच्या विजेच्या वाटेवरचा एखादा स्विच उलटा पडला? धोका होता. हीटर थंड असताना थ्रस्टर पेटले असते तर छोटासा स्फोट होऊ शकला असता. आणि घाईही होती, कारण व्हॉयेजरना आज्ञा पाठवण्याइतकी ताकद असलेली कॅनबेराची ७० मीटरची अँटेना मे २०२५ पासून दुरुस्तीसाठी बरेच महिने बंद राहणार होती. २० मार्च २०२५ रोजी यानाकडून आकडे आले: हीटरचं तापमान झपाट्याने चढत होतं. एकवीस वर्षं मृत म्हणून नोंदवलेले थ्रस्टर जिवंत होते.

त्यानंतर चारच दिवसांनी, २४ मार्चला, व्हॉयेजर-२वरचं भारित कण मोजणारं उपकरण वीज वाचवण्यासाठी बंद करण्यात आलं. त्याला पावलापावलाने फिरवणारी मोटर शनीपर्यंत पुरावी म्हणून ५ लाख पावलांसाठी तपासलेली होती. बंद केली तेव्हा तिची ८५ लाखांहून जास्त पावलं झाली होती, आणि ती चालूच होती.